राजा गेला, गाव कोणाचं? : कॅसाइट बॅबिलोन आणि आपलं कार्ला

घरातला कर्ता माणूस गेला की दिवसकार्य आटोपल्यावर पहिलं काम कुठलं? तलाठ्याकडे जायचं. वारसनोंद, फेरफार, मग सातबाऱ्यावर नवं नाव. माणूस गेला तरी जमीन तिथंच असते. मधे जी फट पडते, ती कागदानं बुजवायची. आज मी बोलणार आहे ते याच फटीबद्दल. फक्त जाणारा माणूस इथं राजा आहे. राजा गेला, की त्यानं दिलेल्या शब्दाचं काय होतं?

सुरुवात जरा लांबून करतो, मेसोपोटेमियापासून. इसवी सनापूर्वी १५९५ च्या सुमारास हित्ती राजा मुर्सिली यानं बॅबिलोन लुटलं आणि हम्मुराबीचं घराणं संपलं. त्यानंतर गादीवर आले ते कॅसाइट. हे लोक बाहेरचे. त्यांची भाषा वेगळी, देव वेगळे. पण त्यांनी बॅबिलोनची भाषा, देव, लेखनपद्धती, सगळं आपलंसं केलं आणि इ.स.पू. ११५५ पर्यंत, म्हणजे चार शतकांहून अधिक काळ, राज्य केलं. बॅबिलोनची एक राजावली या घराण्याचे ३६ राजे आणि ५७६ वर्षं मोजते. हा आकडा मोठा का? कारण बॅबिलोन हाती येण्याआधीचे पूर्वजही त्यात धरलेत. गादीवर बसलेल्याला आपली वंशावळ लांब असलेली आवडते, हे काही नवीन नाही.

आता यादीत नावं ओळीनं येतात, म्हणून वारसा सरळ होता असं समजू नका. दुसरा बुर्नाबुरिआश या राजाच्या घरात अ‍ॅसिरियाच्या असुर-उबाल्लित राजाची मुलगी सून किंवा राणी म्हणून आली होती. नातं नेमकं काय, यावर जुन्या बखरींमध्येच मतभेद आहेत. तिच्या पोटचा मुलगा गादीवर आला. सैन्यानं बंड करून त्याला मारलं आणि दुसराच कुणी बसवला. मग आजोबा अ‍ॅसिरियातून फौज घेऊन आले, त्या बसवलेल्याला मारलं आणि कुरिगाल्झू नावाच्या राजपुत्राला गादी दिली. मुलीच्या सासरचा प्रश्न तलवारीनं सुटला. राजावलीत मात्र एका नावाखाली दुसरं नाव, एवढंच दिसतं.

अशा काळात ज्याला राजानं जमीन दिली, त्या माणसाची झोप कशी असेल? राजा मेला, मारला गेला, परका आला. मग जमीन आपली की गेली? कॅसाइट काळानं यावर एक उपाय काढला. त्याला 'कुदुर्रू' म्हणतात. दानाचा मजकूर दगडावर कोरायचा, वर देवांची चिन्हं काढायची आणि शेवटी शाप घालायचे : जो कोणी अधिकारी, जो कोणी पुढचा राजा ही जमीन काढून घेईल, त्याचा निर्वंश होवो. आपल्याकडच्या गद्धेगाळीची आठवण झाली ना? मनातली भीती तीच आहे. आजच्या राजाची खात्री आहे, उद्याच्या नाही.

ब्रिटिश म्युझियममध्ये असा एक कुदुर्रू आहे. ताकिल-अना-इलिशू नावाच्या माणसाच्या मालमत्तेचा वाद त्यावर कोरलाय. वाद तीन राजांच्या कारकिर्दीत चालला : अदाद-शुम-इद्दिन, अदाद-शुम-उसुर आणि मेलिशिपाक. यातला दुसरा राजा उठावातून गादीवर आला होता. म्हणजे वर उलथापालथ चाललेली. पण खाली खटला तोच. नव्या राजानं 'आधीच्याचं मला माहीत नाही' असं म्हटलं नाही. आधीच्या निकालांसकट सगळी हकीकत दगडावर उतरली.

आता घरी येऊ. इथून, लोणावळ्याहून, कार्ल्याची लेणी दहा-बारा किलोमीटरवर. एकवीरेच्या दर्शनाला आपण सगळेच जातो. देवळाच्या मागे ते भव्य चैत्यगृह आहे. त्याच्या दर्शनी भिंतीवरचे लेख मात्र फार कमी लोक थांबून बघतात.

त्यातला एक लेख उषवदाताचा. हा क्षहरात क्षत्रप नहपानाचा जावई. घराणं शकांचं, म्हणजे पुन्हा बाहेरचं. लेखात तो आपली दानं मोजतो : तीन लाख गाई, देवाब्राह्मणांना सोळा गावं वगैरे. आणि मग सांगतो, की वलूरकाच्या लेण्यांत पावसाळा काढणाऱ्या, चारी दिशांच्या भिक्षूंच्या निर्वाहासाठी करजिक गाव दिलं. वलूरक म्हणजे आपलं कार्ला.

पुढे गौतमीपुत्र सातकर्णीनं नहपानाचा पराभव केला. त्याच्या आईचा, गौतमी बलश्रीचा, नाशिकचा लेख सांगतो की त्यानं क्षहरातांचा वंश निपटून काढला. इथं वारस नाही, जावई नाही, घराणंच संपलं. म्हणजे जावयानं दिलेलं गावही गेलं? नाही. त्याच चैत्यगृहाच्या भिंतीवर दुसरा लेख आहे. तो झिजलाय, पण अभ्यासक तो गौतमीपुत्राचा मानतात. त्यात मामाल इथल्या अमात्याला आज्ञा आहे, की करजक गाव वलूरकाच्या भिक्षूंना देत आहोत. मामाल म्हणजे मावळ. आपल्या तालुक्याच्या नावाचा इतका जुना उल्लेख एका सरकारी हुकमात आहे, आणि तो हुकूम शत्रूनं दिलेलं दान पुढे चालवण्याचा आहे!

इथं दोन गोष्टी बारकाईनं बघा. एक, हा लेख 'जुनं दान कायम' एवढंच म्हणत नाही, 'आम्ही देतो' म्हणतो. आधी गाव चारी दिशांच्या भिक्षूंना होतं, आता महासांघिक पंथाचं नाव येतं. देणारा मी, घेणारा मी ठरवणार. दोन, उषवदाताचा लेख कुणी खरवडून टाकलेला नाही. दोन्ही आजही एकाच भिंतीवर आहेत. नाण्यांचंही तसंच. १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभीला नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांतल्या सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्रानं आपला ठसा मारला होता. चांदी तीच, ठसा नवा, आणि खालचा जुना चेहरा काही नाण्यांवर अजून दिसतो.

नाशिकच्या पांडवलेण्यात ही गोष्ट एक पाऊल पुढे जाते. तिथं अठराव्या राज्यवर्षात गौतमीपुत्रानं उषवदाताच्या ताब्यातलं दोनशे निवर्तनांचं शेत भिक्षूंना दिलं. सहा वर्षांनी, चोविसाव्या वर्षी, दुसरा हुकूम निघाला, त्यात राजमाताही आहे. हुकूम म्हणतो, की ते गाव वसलेलं नाही, शेत कसलं जात नाही. तेव्हा नगराच्या सीमेवरच्या राजाच्या जमिनीतून शंभर निवर्तनं द्या. कागदावर दान होतं, पदरात काही नव्हतं. ते कळल्यावर स्वतःच्या जमिनीतून भरपाई केली.

आता माझा जुना विषय, तत्त्वज्ञान. मिलिंद राजा आणि भिक्षू नागसेन यांचा संवाद तुम्हाला ठाऊक आहे. रात्रभर दिवा जळतो. पहिल्या प्रहराची ज्योत आणि शेवटच्या प्रहराची ज्योत एकच का? एकच नाही, पण दुसरीही म्हणवत नाही, कारण उजेड अखंड आहे. राज्यसत्तेचं मला तसंच वाटतं. ती रक्तानं अखंड राहते असं आपण समजतो. पण कॅसाइटांचं रक्त पुन्हा पुन्हा खंडित झालं, क्षहरातांचं तर संपलंच. अखंड राहिली ती जबाबदारी. आधीच्याचं देणं जो अंगावर घेतो, तो वारस. मग तो मुलगा असो, बंडखोर असो, की जिंकून आलेला शत्रू असो. गादी तलवारीनं मिळते, पण वारसा देणं फेडल्यानंच सिद्ध होतो.

यावर तुम्ही म्हणाल, सर, यात राजाचा स्वार्थ होता. होताच. लोकांची मान्यता हवी होती. पण स्वार्थासाठी का होईना, शब्द पाळावा लागतो हे त्याला कळलं होतं, हे कमी आहे का?

आणि हे जुनं म्हणून सोडून देऊ नका. याच मावळात पवना धरण आहे. ते होऊन पन्नास वर्षं उलटली. ज्यांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या, त्यांतल्या अनेक कुटुंबांच्या पुनर्वसनाचा प्रश्न कित्येक दशकं रेंगाळला. मधे सरकारं किती बदलली! प्रत्येक नवं सरकार स्वतःला 'शासन' म्हणवतं, म्हणजे आधीच्याचं वारस म्हणवतं. मग आधीच्यानं दिलेला शब्दही वारशातच आला. नाशिकच्या राजाला सहा वर्षांत कळलं, की शेत पडीक आहे.

पुढच्या वेळी एकवीरेला गेलात, की दर्शन झाल्यावर चैत्यगृहाच्या भिंतीपाशी दोन मिनिटं थांबा. अक्षरं वाचता आली नाहीत तरी चालेल. एकमेकांचे वैरी असलेले दोन राज्यकर्ते तिथं एकाच गावाबद्दल एकच गोष्ट सांगतायत, एवढं लक्षात ठेवा. आता तुमचे प्रश्न घेऊ.