पूर्वग्रह आणि त्याची भावंडं

चांदवडच्या बाजारात एखाद्याचं आडनाव ऐकताच आपण मनात त्याची किंमत ठरवून टाकतो, तो पूर्वग्रह. माणूस कळण्याआधीच धरलेलं मत. अनुभव आला की तो गळूनही पडतो. दुराग्रह मात्र पुरावा समोर असला तरी सुटत नाही. आकस बहुधा एखाद्या माणसाविषयी असतो. द्वेष अख्ख्या समाजाला पुरतो. ‘कट्टर’ हा शब्द तर आपण कौतुकानंही वापरतो, याची मला काळजी वाटते. हे सारं वागण्यात उतरलं की तो भेदभाव.

नाशिकच्या काळाराम मंदिरापाशी पूर्वग्रह आणि दुराग्रह यांतला फरक लख्ख दिसतो. २ मार्च १९३० पासून अस्पृश्य मानल्या गेलेल्या हजारो माणसांनी डॉ. आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली तिथे मंदिरप्रवेशासाठी सत्याग्रह केला. वर्षं गेली, दार उघडलं नाही. इतकी माणसं शांतपणे समोर उभी असूनही टिकला, तो निव्वळ पूर्वग्रह नव्हे, दुराग्रहच. आग्रह दोन्हीकडे होता. एकीकडे त्याआधी ‘सत्य’ होतं, दुसरीकडे ‘दुर्’. अखेर १३ ऑक्टोबर १९३५ रोजी चांदवडशेजारच्या येवल्यात आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली.