गाळा, गटार आणि ठराव

लोकशाहीची चर्चा आपल्याकडे बहुधा दिल्ली-मुंबईच्या अंगाने होते. परंतु सामान्य माणसाचा शासनसंस्थेशी नित्याचा संबंध येतो तो घरपट्टीच्या बिलातून, तुंबलेल्या गटारातून आणि बाजारपेठेतील गाळ्याच्या भाड्यातून. तालुक्याच्या गावी नगरपरिषद ही एक मोठी मिळकतदार असते आणि बांधकामाचे ठेके देणारी संस्थाही तीच असते. मंडईचे ओटे, व्यापारी संकुलातील गाळे, शाळांच्या इमारती, मैदाने ही साऱ्या गावाची सामाईक इस्टेट होय. तिचा कारभार कोणाच्या डोळ्यांदेखत चालतो, हा नागरी स्वराज्याचा खरा प्रश्न आहे.

कायद्याने त्याचे उत्तर देऊन ठेवले आहे. महाराष्ट्राच्या १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमानुसार स्थावर मिळकत कायमची दुसऱ्याच्या हाती द्यावयाची तर शासनाची मंजुरी लागते. भाडेपट्ट्याच्या मुदतीवरही बंधन आहे. परिषदेच्या ठेक्यात हितसंबंध असलेला सदस्य अपात्र ठरतो. लोकहितास बाधक अशा ठरावाची अंमलबजावणी जिल्हाधिकारी रोखू शकतात. या साऱ्याचा पाया मात्र एकच : आधी विषयपत्रिका, मग सभा आणि मग ठराव. सभेत विषय आला म्हणजे कोणीतरी उठून विचारतो, या गाळ्याचे भाडे बाजारभावाहून इतके कमी का? गेल्या वर्षी झालेला रस्ता यंदाच्या अंदाजपत्रकात पुन्हा कसा? उत्तर मिळाले नाही तरी विरोध नोंदविला जातो आणि पुढच्या वर्षी तो पुन्हा पुढे करता येतो.

अशा विरोधाचे मोल पुण्याच्या इतिहासात दिसते. जोतीराव फुले १८७६ पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे शासननियुक्त सदस्य होते. व्हाइसरॉय लिटन यांच्या स्वागतावर पालिकेचा पैसा खर्च करण्यास त्यांनी विरोध केला. नव्या मंडईवर मोठी रक्कम घालण्यापेक्षा ती शिक्षणाकडे वळवावी, असेही त्यांचे मत होते. बहुमत विरुद्ध गेले, मंडई उभी राहिली आणि पुढे तिलाच महात्मा फुले यांचे नाव मिळाले. मंडई आवश्यक होती की नव्हती, याबद्दल दुमत होऊ शकेल. परकीय सत्तेने नेमलेल्या सदस्यालाही सभेत उभे राहून ‘नाही’ म्हणता आले, ही गोष्ट मात्र विसरण्याजोगी नाही.

स्वतंत्र भारतात ही सोय अधिक भक्कम व्हावयास हवी होती. ७४ व्या घटनादुरुस्तीने, १९९३ पासून, नगरपरिषदेची मुदत पाच वर्षे ठरली आणि ती संपण्यापूर्वी निवडणूक पुरी करण्याचा दंडक घातला गेला. प्रत्यक्षात २०१६-१७ मध्ये निवडून आलेल्या बहुतेक परिषदांची मुदत संपल्यावर इतर मागासवर्गीयांचे आरक्षण व प्रभागरचना यांचे वाद न्यायालयात रेंगाळले आणि गावोगाव प्रशासक आले. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये आदेश दिल्यानंतर डिसेंबर २०२५ मध्ये निवडणुका झाल्या. मधल्या काळात अनेक ठिकाणी मुख्याधिकारी हेच प्रशासक होते. म्हणजे प्रस्ताव मांडणारा आणि मंजूर करणारा हात एकच!

नगरसेवकांच्या भांडणांपेक्षा प्रशासक बरा, कामे तरी झटपट होतात, असे म्हणणारे सुशिक्षित थोडे नाहीत. नगरसेवक भांडतात हे खरेच. पुष्कळदा ते तत्त्वासाठी नव्हे, वाट्यासाठी भांडतात हेही खरे. पण या भांडणातूनच दडलेली फाईल बाहेर येते. प्रामाणिक प्रशासकालाही प्रश्न विचारणारा समोर नसेल, तर त्याच्या प्रामाणिकपणाची साक्ष कोण देणार?

प्रश्न पैशाचाही आहे. १९९९ मध्ये नगरपरिषदांची जकात रद्द झाली, तेव्हापासून त्यांची भिस्त शासकीय अनुदानावर वाढली आहे. घरपट्टी व मिळकतींचे भाडे ही जी थोडी हक्काची साधने उरली, त्यांतही गाळे नाममात्र भाड्याने वर्षानुवर्षे त्याच हाती राहिले, तर गटाराच्या दुरुस्तीसाठीही मंत्रालयाकडे हात पसरावा लागतो. मग स्वराज्य नावापुरतेच उरते.

लोकनियुक्त सभा परत आली, एवढ्याने काम भागत नाही. २००५ च्या माहितीच्या अधिकाराने नागरिकाला ठराव, निविदा आणि मोजमाप पुस्तक पाहता येते. इतकेच नव्हे, चालू कामाची पाहणी करून तेथील साहित्याचा प्रमाणित नमुनाही मागता येतो. ही तरतूद किती शिक्षकांनी वर्गात सांगितली असेल? नागरिकशास्त्राच्या तासाला राष्ट्रपतींचे अधिकार पाठ करणाऱ्या विद्यार्थ्याने एकदा आपल्या नगरपरिषदेच्या मिळकतींची नोंदवही मागून पाहावी. कोणता गाळा कोणाकडे, किती वर्षे आणि किती भाड्याने आहे, हे गावाला ठाऊक झाले, तर पुढच्या सभेतील ठराव निराळ्या भाषेत लिहावा लागेल.