ई-वाचकावरील ग्रंथस्थानांतरण

संगणकावर साठविलेल्या ग्रंथाची प्रत ई-वाचक या उपकरणात नेण्याच्या क्रियेस ग्रंथस्थानांतरण म्हणतात. त्यासाठी उपकरण यूएसबी तारेने संगणकास जोडतात. त्याची स्मृती संगणकावर स्वतंत्र साठ्याप्रमाणे दिसू लागते. तीतील ग्रंथांच्या कप्प्यात फाइल उतरवितात. उपकरण रीतसर विलग केल्यावरच तार काढतात. अन्यथा फाइल सदोष होण्याचा संभव असतो.

फाइल उतरली म्हणजे ग्रंथ वाचनसुलभ झाला, असे नव्हे. उदा., रेवदंडा (जि. रायगड) येथील पोर्तुगीजकालीन ठाण्याची माहिती जे. गर्सन द कुन्हा यांच्या चौल व वसईवरील इंग्रजी ग्रंथात (१८७६) आणि मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरच्या कुलाबा-जंजिरा खंडात (१८८३) मिळते. हे ग्रंथ स्वामित्वहक्कातून मुक्त असून त्यांच्या स्कॅन केलेल्या पानांच्या पीडीएफ फाइली आंतरजालावर आहेत. मात्र असे पान म्हणजे एक चित्रच होय. सुमारे १५ सेंमी. कर्णाच्या पडद्यावर ते आक्रसते आणि मोठे केल्यास ओळी पडद्याबाहेर जातात. ईपब स्वरूपात अक्षरे संकेतांकांच्या रूपाने साठविलेली असल्याने ओळी पडद्याच्या रुंदीनुसार नव्याने जुळतात. चित्रांतील अक्षरे संगणकाकडून ओळखून घेऊन असे ईपब तयार करता येते. तथापि त्याचे मुद्रितशोधन आवश्यक असते.

मराठी ग्रंथांबाबत आणखी एक अडचण उद्भवते. युनिकोड (१९९१) रूढ होण्यापूर्वीच्या अनेक टंकांचे संकेत परस्परांहून भिन्न होते. त्यांतील मजकूर मूळ टंकाच्या अभावी निरर्थक चिन्हांसारखा दिसतो. म्हणून प्रथम त्याचे युनिकोडमध्ये रूपांतर करतात. ई-ग्रंथांच्या स्वरूपांतरासाठी कोविद गोयल या भारतीय संगणकतज्ज्ञाने २००६ मध्ये सुरू केलेली ‘कॅलिबर’ ही विनामूल्य आज्ञावली विशेष प्रचारात आहे.

विकत घेतलेल्या अनेक ई-ग्रंथांना सांकेतिक कुलूप असते. ग्राहकास ग्रंथाची मालकी न मिळता केवळ वाचनाचा परवाना मिळतो. ॲमेझॉनने खरेदी केलेले किंडल-ग्रंथ संगणकावर उतरवून तारेने उपकरणात नेण्याची सोय २६ फेब्रुवारी २०२५ पासून बंद केली. वाचकाजवळच्या इतर फाइली मात्र तारेने नेता येतात. कुलूपरहित ग्रंथाची प्रत संगणकावर जपून ठेवल्यास उपकरण बदलले किंवा विक्रेत्याने सेवा थांबविली, तरी ग्रंथ वाचकाच्या हाती राहतो.