सूर्यप्रकाश टिपणारे प्लॅस्टिक

प्लॅस्टिक विजेचे दुर्वाहक आहे, असे शाळेत शिकविले जाते आणि तारेवरील वेष्टनापुरते ते खरेही आहे. तथापि १९७७ साली शिराकावा, मॅकडिआर्मिड व हीगर या शास्त्रज्ञांनी पॉलिॲसिटिलीन या बहुवारिकावर आयोडीनची प्रक्रिया करून त्यातून वीज उत्तम वाहू शकते, हे दाखवून दिले. त्याबद्दल त्यांना २००० सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. याच कुळातील बहुवारिकांपासून आता सौर घट तयार करण्यात येत आहेत.

या पदार्थांना संयुग्मित बहुवारिके म्हणतात. त्यांच्या साखळीत कार्बन अणूंमधील बंध आळीपाळीने एकेरी व दुहेरी असतात. त्यामुळे काही इलेक्ट्रॉन एका जागी जखडून न राहता साखळीवर पसरतात व प्रकाशाची ऊर्जा ग्रहण करतात. कोणत्या रंगाचा प्रकाश शोषला जावा, हे साखळीच्या रचनेवरून ठरते. पी३एचटी हे बहुवारिक सुमारे ६५० नॅनोमीटर तरंगलांबीपर्यंतचाच प्रकाश शोषते. त्यापलीकडील गडद तांबडा व अवरक्त प्रकाश वाया जातो. म्हणून इलेक्ट्रॉन सहज देणारा व सहज घेणारा असे दोन घटक साखळीत एकाआड एक गुंफले जातात. त्यायोगे कमी ऊर्जेचा प्रकाशही कामी येतो. साखळीला पार्श्वशाखा जोडल्या की बहुवारिक द्रावकात विरघळते आणि शाईप्रमाणे पातळ थरात पसरविता येते.

परंतु प्रकाश शोषला म्हणजे वीज मिळाली, असे नव्हे. शोषणाने निर्माण झालेली धन व ऋण प्रभारांची जोडी जेमतेम १० नॅनोमीटर अंतर जाऊन विरते. तत्पूर्वी ती विभक्त व्हावी, यासाठी बहुवारिकात इलेक्ट्रॉन स्वीकारणारा दुसरा पदार्थ बारकाईने मिसळावा लागतो. २०१९ साली चिनी संशोधकांनी वाय६ हा असा पदार्थ सादर केला. पीएम६ या बहुवारिकासह त्याने १५ टक्क्यांहून अधिक कार्यक्षमता गाठली. बहुवारिक दृश्य प्रकाश टिपते, तर वाय६ अवरक्ताकडील. पुढे प्रयोगशाळेतील लहान घटांनी १८ टक्क्यांचा टप्पाही ओलांडला.

खरी अडचण टिकाऊपणाची आहे. ज्या उन्हावर हे घट चालतात, तेच ऊन, तसेच हवेतील प्राणवायू व दमटपणा त्यांचा ऱ्हास घडवितात. सिलिकॉनची तावदाने मात्र वीस-पंचवीस वर्षे सेवा देतात. म्हणून शेतातील पंपासाठी वा शाळेच्या छपरासाठी आज सिलिकॉनच भरवशाचे आहे. हलक्या, लवचीक व अर्धपारदर्शक घटांना वेगळे क्षेत्र खुले आहे; तथापि नव्या घटाचे मोल करताना तो किती वीज देतो, याबरोबरच किती वर्षे देतो, हेही विचारले गेले पाहिजे.