अंगठ्याच्या पेराएवढा कपलर

पेट्रोल गाडीचं बॉनेट उघडून इंजिनवरचं प्लास्टिकचं झाकण काढा. हल्लीच्या बहुतेक चार सिलिंडरच्या इंजिनांत चार काळ्या कॉइल ओळीने उभ्या दिसतील, प्रत्येक आपापल्या स्पार्क प्लगवर. प्रत्येकीला अंगठ्याच्या पेराएवढा एक कपलर. त्यातून बॅटरीचे १२ व्होल्ट आत जातात आणि खालच्या टोकाला वीस-तीस हजार व्होल्ट होऊन बाहेर पडतात!

२९ ऑगस्ट १८३१ रोजी लंडनमध्ये मायकेल फॅरडेने लोखंडी कड्यावर गुंडाळलेल्या तारेच्या दोन वेटोळ्यांवर एक प्रयोग केला. एका वेटोळ्याला बॅटरी, दुसऱ्याजवळ चुंबकसुई. प्रवाह वाहत असताना सुई गप्प राहिली. तो जोडताना आणि तोडताना मात्र ती हलली. आपली कॉइल त्या तोडण्याच्या क्षणावरच चालते. काही मिलिसेकंद प्रवाह घेऊन चुंबकीय क्षेत्र उभं करायचं आणि प्रवाह झटक्यात तोडायचा. क्षेत्र कोसळतं, हजारो वेढ्यांच्या बारीक तारेत प्रचंड विद्युतदाब उठतो आणि प्लगच्या जेमतेम मिलिमीटरभर फटीत ठिणगी पडते. प्रवाह थांबतो म्हणून ठिणगी! मला यातलं सर्वांत विलक्षण हेच वाटतं. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असताना चार सिलिंडरांत मिळून सेकंदाला अशा १०० ठिणग्या पडतात.

पण इंजिनाच्या धगीने कपलरचं प्लास्टिक ठिसूळ होतं, लॉक तुटतं, आतली पिन सैल पडते. कॉइलच्या चुंबकीय क्षेत्रात साठणारी ऊर्जा प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. सैल पिनेमुळे प्रवाह २० टक्के घटला, तर ऊर्जा ३६ टक्के घटते. मग ठिणगी चुकते आणि गाडी मिसिंग मारते.

स्कॅनरवर पी०३०१, म्हणजे पहिल्या सिलिंडरच्या मिसिंगचा कोड आला, तर इंजिन बंद करून ती कॉइल दुसऱ्या सिलिंडरवर लावून बघतात. कोड कॉइलबरोबर गेला, तर दोष तिचाच. जागेवरच राहिला, तर प्लग बघायचा, आणि मग कपलर व वायरिंग.

तारांसकट नवा कपलर मिळतो. आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढावी. जुन्या तारा एकेक करून कापाव्यात आणि जोडताना पिनेची जागा पाहावी. नव्या तारांचे रंग जुन्यांशी जुळतीलच असं नाही. सगळे जोड एकाच ठिकाणी आले, तर तिथे गठ्ठा होतो, म्हणून ते पुढेमागे घ्यावेत. तारा नुसत्या पिळून टेप गुंडाळू देऊ नका. पावसाळ्यातला ओलावा आत शिरतो आणि तांब्यावर हिरवट गंज चढतो. नीट क्रिम्प करून वर हीट-श्रिंक नळी बसवली, तर जोड टिकतो. शेवटी कपलर खट्कन बसला पाहिजे.

चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल, तर हे काम पुढे ढकलू नका. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं, आणि तो भाग कपलरपेक्षा कितीतरी पटींनी महाग असतो.