इंजिनाचे तेल : गॅरेजात बदलावे की घरी?

म्हापशाच्या बसस्थानकाबाहेर पिवळ्या मडगार्डांच्या मोटारसायकली रांगेने उभ्या असतात. भाडे घेऊन माणसे पोहोचविणाऱ्या या दुचाकीस्वारांना गोव्यात ‘पायलट’ असे भारदस्त नाव आहे, आणि त्यांचा सारा प्रपंच एका लहानशा इंजिनावर चाललेला असतो. अशाच एका पायलटाने एके सकाळी गाडी गॅरेजात नेली, जुने तेल काढवून नवे घालून घेतले, ठरलेले पैसे दिले आणि दुपारी पणजीचे भाडे घेतले. गिरी ओलांडून पर्वरीच्या चढाला लागल्यावर इंजिनाचा आवाज कोरडा झाला. थोड्या वेळाने वेग आपोआप मंदावला आणि मागचे चाक घासत गाडी जागीच थांबली. खाली वाकून पाहतो तो इंजिनाचा तळ तेलाने माखलेला, आणि तळाचा बोल्ट बोटांनी फिरविता येईल इतका सैल! सकाळी ओतलेले तेल वाटेवर थेंबाथेंबाने सांडून गेले होते. तेल बदलण्याचा खर्च काही शे रुपयांचा होता, पिस्टन आणि सिलिंडर बदलण्याचा काही हजारांचा झाला. गाडी जोडून मिळेपर्यंतचे दिवस बिनकमाईचे गेले, ते वेगळेच. “गाडीच जुनी होती,” एवढे उत्तर गॅरेजवाल्याने दिले.

हा प्रसंग अपवादात्मक असता तर त्याचा एवढा विस्तार करण्याचे कारण नव्हते. परंतु ज्यांच्या दारी गाडी आहे अशा चार माणसांत हा विषय काढावा, की एकाच्या तरी तोंडून याच जातीची कथा ऐकावयास मिळते. याचे कारण शोधावयास फार दूर जावे लागत नाही. तेल बदलणे हे गॅरेजातील सर्वांत सोपे काम समजले जाते. म्हणून ते सर्वांत नवख्या पोराकडे येते. मुख्य मिस्त्री इंजिन उघडून बसलेला असतो, बाहेर चार गाड्या खोळंबलेल्या असतात, आणि या कामात मिळकत थोडी असल्यामुळे ते जितके लवकर उरकेल तितके मालकाला बरे वाटते. अवघड कामावर दोन माणसांची नजर असते. सोप्या कामावर एकाचीही नसते.

आता हे तेल इंजिनात करते तरी काय, ते पाहिले म्हणजे थोड्याशा हयगयीने एवढा अनर्थ का ओढवतो हे कळेल. इंजिनात धातू धातूवर घासतो असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः नीट चालणाऱ्या इंजिनात फिरत्या भागांमध्ये तेलाचा अत्यंत पातळ पडदा असतो, आणि धातू त्या पडद्यावर तरंगत राहतात. तेलाचा पंप तळाचे तेल उचलून वरपर्यंत पोहोचवितो. तेथून ते गाळणीतून गेलेल्या पाण्यासारखे खाली ओघळते, येताना उष्णता घेऊन येते, काजळी आणि धातूचा चुरा आपल्यात सामावून घेते. तेल उणे झाले की प्रथम वरचे भाग कोरडे पडतात, मग सिलिंडर तापतो, पिस्टन फुगतो आणि भिंतीला चिकटतो. मोटारीच्या इंजिनात तीन-चार लिटर तेल असते, आणि दाब उतरल्यास समोर तांबडा दिवा लागतो. शंभर-सव्वाशे सी.सी.च्या साध्या मोटारसायकलीत मात्र तेल सुमारे एक लिटर किंवा त्याहूनही थोडे कमी, आणि पुष्कळ गाड्यांना तो दिवाही नाही. अर्धा लिटर गळून गेले तरी चालविणाऱ्याला पत्ता लागत नाही.

चुकांचा मुख्य उगम त्या तळाच्या बोल्टापाशी आहे. इंजिनाचे चेंबर बहुधा अॅल्युमिनियमचे असते आणि बोल्ट पोलादाचा. पोलादापुढे अॅल्युमिनियम मऊ. बोल्ट सैल राहिला तर तेल गळते, हे उघडच आहे. परंतु तो गळू नये या भीतीने पोरगा पान्यावर लोखंडी पाइप चढवून सर्व अंगबळाने आवळतो, तेव्हा दुसरेच संकट उभे राहते. पुष्कळशा मोटारींच्या या बोल्टासाठी कारखान्याने सुमारे ३० ते ४० न्यूटन-मीटर एवढा पीळ सांगितलेला असतो, लहान दुचाकींना त्याहून कमी. याचा घरगुती अर्थ असा : ३० सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला सुमारे १० किलो वजन टांगले, तर तेवढ्याने ३० न्यूटन-मीटर होतात. आता पाइप चढवून तोच दांडा ६० सेंटिमीटरचा केला आणि त्यावर २५ किलोचा जोर दिला, की पीळ पाचपट होतो. त्याने आटे तुटतात. कधी त्याच दिवशी तुटतात, कधी अर्धवट दुखावून पुढच्या खेपेपर्यंत तग धरतात. आणि मग पुढच्या खेपेस ज्याने हात लावला तो बिचारा विनाकारण दोषी ठरतो. गेलेले आटे नव्या तारेची वेटोळी बसवून दुरुस्त करता येतात, पण हे काम जाणत्याचे आहे. सैल आणि घट्ट या दोन टोकांच्या मधली जागा सापडण्यासाठी पीळ दाखविणारा पाना वापरावा, आणि बोल्टाखालचे तांब्याचे किंवा अॅल्युमिनियमचे वायसर दर वेळी नवे घालावे. जुने वायसर एकदा चेपले गेले की पुन्हा तितके नीट बसत नाही. त्याची किंमत चहाच्या कपाएवढी. तरी ते बदलण्याचा कंटाळा सर्वत्र आढळतो.

मोटारींच्या बाबतीत दुसरे स्थान फिल्टरचे. डब्याच्या आकाराचा फिल्टर फिरवून काढला जातो. त्याच्या तोंडाशी रबराचे कडे असते, आणि उष्णतेने ते पुष्कळदा इंजिनालाच चिकटून मागे राहते. न पाहता त्यावर नवा फिल्टर बसविला, की कड्यावर कडे येते. इंजिन सुरू केल्यावर क्षणभर सर्व ठीक भासते. मग दाब वाढला की त्या दुहेरी कड्यातून तेलाची चिळकांडी उडते आणि काही मिनिटांत चेंबर रिकामे होते. हे टाळण्यासाठी जुने कडे निघाले की नाही हे बोट फिरवून पाहावे, नव्या कड्याला थोडे तेल लावावे, आणि कडे टेकल्यावर फिल्टर हातानेच फिल्टरवर छापलेल्या सूचनेप्रमाणे, बहुधा पाऊण फेरा, आवळावा. एवढेच हे शास्त्र आहे.

तेलाच्या जातीविषयी गैरसमज फार आहेत. डब्यावर १०डब्ल्यू-३० किंवा २०डब्ल्यू-४० असे आकडे असतात. त्यांतला पहिला थंड इंजिनातील आणि दुसरा तापलेल्या इंजिनातील दाटपणा दर्शवितो. जितके दाट तेल तितके इंजिनाला चांगले, ही समजूत सर्वांना लागू नाही. गाडीच्या पुस्तिकेत जो आकडा आहे तोच घालावा. मोटारसायकलीची गोष्ट आणखी निराळी आहे. तिचा क्लच आणि गिअर बहुधा त्याच तेलात बुडालेले असतात. मोटारीच्या काही तेलांत घर्षण कमी करणारी द्रव्ये मिसळलेली असतात. ती इंजिनाला मानवतात, पण क्लचला घर्षणच हवे असते. असे तेल घातल्यास चढावर इंजिन ओरडते आणि गाडी पुढे सरकत नाही. म्हणून जपानी मानकातील ‘जासो एमए’ ही अक्षरे मोटारसायकलीच्या डब्यावर पाहावीत. गिअर नसलेल्या स्कूटरचा क्लच कोरडा असतो. तिला याच मानकातील ‘एमबी’ चालते. या स्कूटरांत मागच्या चाकापाशी गिअरचे तेल वेगळे असते व त्याचा बोल्टही वेगळा. घाईत तोच बोल्ट उघडून गिअरचे तेल काढून टाकावयाचे आणि इंजिनातील जुन्या तेलावर नवे ओतावयाचे, हा पराक्रमही घडू शकतो. मग गिअर कोरडे आणि इंजिन तुडुंब! अधिक तेल म्हणजे अधिक सुख असे मुळीच नाही. फिरत्या भागांनी घुसळून त्याचा फेस होतो, आणि फेसाचा पडदा धातूला तोलून धरू शकत नाही.

मग घरी का करू नये, असा प्रश्न सहजच उद्भवतो. दुचाकीच्या बाबतीत त्याचे उत्तर सरळ आहे : अवश्य करावे. योग्य मापाचा पाना, एक घमेले, नरसाळे, फडके, हातमोजे आणि नवे वायसर एवढे साहित्य पुरते. गाडी थोडी फिरवून आणावी म्हणजे तेल पातळ होते. मात्र नुकतेच थांबलेले इंजिन आणि सायलेन्सर हात भाजण्याइतके तापलेले असतात, तेव्हा दहा मिनिटे धीर धरावा. बोल्ट काढून तेल धार संपेपर्यंत गळू द्यावे. वायसरासह बोल्ट लावल्यावाचून नवा डबा उघडूच नये, हा नियम बाळगावा; कारण घरी करणारेही बोल्ट विसरतात आणि फरशीवर नवे तेल पाहून शहाणे होतात. तेल मोजताना गाडी मधल्या स्टँडवर, सपाट जागी उभी असावी. बाजूच्या स्टँडवर ती कलते आणि मोजकांडी खोटे सांगते. अनेक गाड्यांत कांडी फिरवून बसवायची नसते, नुसती टेकवून पाहावयाची असते. तेही पुस्तिकेत लिहिलेले आहे, पण पुस्तिका वाचतो कोण!

मोटारीचा प्रश्न वेगळा आहे, आणि तेथे उत्साहाला लगाम हवा. मोटारीखाली शिरावे लागते. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही, एका क्षणासाठीही, जाऊ नये. जॅक हे उचलण्याचे साधन आहे, पेलून धरण्याचे नव्हे. तो सरकला तर बाजूला होण्यास अवधी मिळत नाही. मजबूत स्टँड, टणक सपाट जमीन आणि चाकांखाली अडणी नसतील, तर दोनतीनशे रुपयांच्या मजुरीसाठी हा जुगार खेळण्यात शहाणपण नाही. अशा मालकाने गॅरेजातच जावे, पण नुसते चावी देऊन परत येऊ नये. डबा आपल्यासमोर उघडावयास सांगावे, जुने वायसर व जुना फिल्टर मागून घ्यावा, काम झाल्यावर कांडी स्वतः पाहावी. रिकामा डबा तेथेच भोक पाडून टाकावा, कारण नामांकित तेलाच्या रिकाम्या डब्यांत भलतेच तेल भरून विकणारे लोक आहेत. चांगल्या मिस्त्रीला या देखरेखीचा राग येत नाही. ज्याला येतो त्याच्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नये.

घरी किंवा बाहेरच्या गॅरेजात काम केल्यास कंपनीची वॉरंटी जाते, अशी भीती पुष्कळांना घातली जाते. भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ साली १४ मोटार-उत्पादकांविरुद्ध दिलेल्या आदेशात, स्वतंत्र मिस्त्रीकडे काम केले एवढ्यावरून वॉरंटी रद्द करण्याची सरसकट अट घालू नये असे बजावले. त्यावर पुढे अपिले झाली. मालकाच्या हाती राहते ते हे की तेलाच्या आणि फिल्टरच्या पावत्या, तारीख व किलोमीटर लिहून, जपून ठेवाव्यात. वाद निघाल्यास कागद कामास येतो.

एका गोष्टीत मात्र घरी करणाऱ्यापेक्षा चांगले गॅरेज श्रेष्ठ ठरू शकते. ती म्हणजे उरलेल्या काळ्या तेलाची विल्हेवाट. कोकणात आणि गोव्यात हे जळके तेल वाळवीसाठी खांबांना, वाशांना आणि कुंपणाच्या लाकडांना फासण्याची जुनी चाल आहे. उरलेले माडाच्या मुळाशी किंवा गटारात ओतले जाते. पावसाळ्यात तेच पाणी विहिरीकडे जाते. एका वेळच्या तेलबदलातील तेल दहा लक्ष गॅलन, म्हणजे सुमारे ३८ लाख लिटर, गोडे पाणी दूषित करू शकते असे अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण खात्याचे म्हणणे आहे. त्यात जड धातू आणि ज्वलनातून आलेली अपायकारक द्रव्ये असतात, म्हणूनच हातमोजे सांगितले. आपल्याकडे २०१६ च्या नियमांनुसार वापरलेले तेल घातक कचऱ्यात मोडते, आणि १ एप्रिल २०२४ पासून ते परत गोळा करून पुनर्प्रक्रियेस लावण्याची जबाबदारी तेल बनविणाऱ्यांवरही आली आहे. असे तेल शुद्ध करून पुन्हा वंगणासाठी वापरता येते. तेव्हा घरी तेल बदलणाऱ्याने काळे तेल रिकाम्या डब्यात भरून, त्यात पाणी वा रॉकेल न मिसळता, जेथे ते पिंपात साठवून परवानाधारकाला दिले जाते अशा गॅरेजात नेऊन द्यावे. गॅरेजची पायरी अशी त्यालाही चुकत नाही.

तो पायलट आता स्वतःच्या गाडीचे तेल स्वतः बदलतो. तेल बदललेल्या रात्री तो इंजिनाखाली आदल्या दिवशीचे वर्तमानपत्र पसरून ठेवतो आणि सकाळी उजेडात ते उचलून पाहतो. कागद कोरडा असला, तरच गाडी स्थानकाकडे निघते.