वजनाचा रोजमेळ

आम्हा कापडवाल्यांचा जन्म गादीवर बसून जातो. कापड दिवसभर मोजतो, पोट कधी नाही. मला साखर निघाली तेव्हा जाग आली.

न्यूयॉर्कच्या जीन निडेच या गृहिणीचे वजन 97 किलो होते. 1961 मध्ये तिने सहा मैत्रिणी घरी जमविल्या. चोरून काय खाल्ले ते एकमेकींपुढे कबूल करायचे, हा रिवाज पडला. 1963 मध्ये त्याचीच ‘वेट वॉचर्स’ कंपनी झाली. आठवड्याला फी भरा, काट्यावर उभे राहा, बैठकीत बसा!

1997 मध्ये अमेरिकेत गुणांची पद्धत आली. हा तर आपला रोजमेळच. साधारण 50 कॅलरीला 1 गुण, 12 ग्रॅम चरबीला आणखी 1, चोथ्याला थोडी सूट. समजा, समोशात 200 कॅलरी व 12 ग्रॅम चरबी, तर 5 गुण खर्ची. रोजची रक्कम वजनावरून ठरे. मनाई बिर्याणीलाही नाही, फक्त दावतीसाठी आधी गुण वाचवायचे. पुढे साखर, प्रथिनेही मोजणीत आली.

मे 2025 मध्ये मात्र कर्ज आणि वजन उतरविणाऱ्या इंजेक्शनांची स्पर्धा यांमुळे कंपनी दिवाळखोरीच्या कोर्टात गेली. वही आणि काटा मात्र रत्नागिरीतल्या चार शेजारी दुकानदारांनाही परवडतो. साखरेची गोळी चालू असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.